लेकीकडे गेलो, हॉटेलात उतरलो

लेक हॉलंडात राहत होती आणि मी तिला भेटायला गेलो तेव्हा हॉटेलात उतरलो होतो. हे सांगितलं की आमच्या गावातली माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, म्हाताऱ्याकडे पैसा फार झालाय. पैशाचा त्यात काही संबंध नव्हता. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आमच्या घरात आधीपासून होतं. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणींच्या बाबतीत ते पाळलं. माझ्या सासऱ्यांनी पाळलं. आणि माझ्या बायकोनं तर असं पाळलं, की बघणाऱ्याला तिचा राग यावा. लेकीच्या लग्नाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. म्हणून हॉटेल.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सुटली आणि वडिलांच्या पिठाच्या गिरणीत उभा राहिलो, तो म्हातारा होईपर्यंत तिथंच. पट्ट्याच्या आवाजानं कान अर्धे गेले. पण एकदा धरलं ते सोडलं, असं माझ्याबद्दल कुणी म्हणणार नाही. हे लिहितोय तेसुद्धा कुणी नीट करून देतो म्हणाला तर मला चालणार नाही.

लेक पुण्यात होती तोवर आम्ही दोघं तिच्याकडे जायचो. बायको पिशवीत दशम्या आणि पाण्याची बाटली घ्यायची. लेकीच्या सोफ्यावर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायची. पुढं ती आजारी पडली. दवाखाना लेकीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी आम्ही समोरच्या लॉजवर खोली घेतली. लेक रडली, भांडली, आईशी दोन दिवस बोलली नाही. बायको तिला म्हणाली, तुझ्या बाळाच्या बारशाला येईन आणि तुला धान्य पुरणार नाही एवढं जेवीन. त्या आजारातच ती गेली. पुढं वर्षाच्या आत लेक आणि जावई हॉलंडला निघून गेले. दोघंही कॉम्प्युटरमधले.

तिथं गेल्यावर लेकीनं माझ्यामागं लकडा लावला, अण्णा, या. व्हिसाचे कागद तिनं केले. मी फोनवर एवढंच म्हणालो की येतो, पण राहायचं कुठं ते बघ. ती बघते म्हणाली.

ती कापेल नावाच्या, मोठ्या शहराला लागून असलेल्या गावात राहत होती. तिथं ऑफिसं आणि राहायच्या इमारती, बाकी काही नाही. म्हणून तिनं डेल्फ्टमधलं हॉटेल शोधलं. डेल्फ्ट म्हणजे लोक बघायला येतात ते गाव. गावातून पाण्याचे कालवे, त्यावर छोटे पूल, मध्ये मोठा चौक आणि चर्च, आणि निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांची दुकानं. जपानी लोकांना ते गाव फार आवडतं. बसमधून उतरायचे आणि पुलाचे फोटो काढायचे. त्यांच्यासाठी एका जपानी बाईनं कालव्याकाठचं जुनं अरुंद घर घेऊन त्यात चार-पाच खोल्या केल्या होत्या. लेक म्हणाली, हे बुटीक हॉटेल आहे. आमच्याकडे बुटीकमध्ये ब्लाउज शिवतात, म्हणून मला आधी वाटलं की खाली शिंप्याचं दुकान असेल.

बाहेरून ते घर शेजारच्या घरांसारखंच. आत गेलं की वेगळा देश. दारात चपला काढायच्या आणि तिथल्या कापडी सपाता घालायच्या. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या बाहेर आणायच्या नाहीत. माझ्या आईला हे बघून बरं वाटलं असतं. जिना मात्र शिडीसारखा उभा, एका बाजूला दोरी धरायला. खोलीत गवताची चटई, त्यावर गादी, एक बुटकं टेबल, आणि खिडकीतून कालवा. आणि संडासात पाणी होतं. एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे कागद, आणि या एका घरात बसल्या जागी पाण्याची धार. म्हणजे लेकीनं माझं सगळं आठवून आठवून ती जागा निवडली होती. बाप खाली बसतो, बापाला चपला घरात चालत नाहीत, बापाला पाणी लागतं. मला ते कळलं. मी फक्त म्हणालो, जागा बरी आहे.

विमानतळावरून हॉटेलवर जायच्या आधी मी तिच्या घरी जाऊन आलो. घर बघायला काही आडकाठी नसते. चौथ्या मजल्यावर स्वच्छ घर, दोन खोल्या. एका खोलीचं दार लावलेलं होतं. मी सामान सोडलं. ज्वारीचं पीठ, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी. लेकीला द्यायला कसलीच बंदी नाही, घ्यायला आहे. तिनं पिठाची पिशवी उघडून त्यात नाक घातलं आणि तशीच उभी राहिली. मग चहा केला. तीन कप. एक माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घ्या अण्णा." मी म्हणालो, तुला माहीत आहे. कप निवला. जावईबापूंनी तो उचलून पिऊन टाकला. पुढं मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा असंच झालं. तिसरा कप यायचा, ती घ्या म्हणायची, मी नाही म्हणायचो, जावई प्यायचे. त्या बिचाऱ्यांना नंतर झोप यायची नाही म्हणे.

हॉटेलवर माझे दिवस जायचे ते खालच्या खोलीत, जिथं न्याहारी असायची. जपानी बाई माझ्याहून थोडी लहान असेल. नवरा तिथलाच, गोरा होता, तो वारला होता. त्याच्या फोटोसमोर ती रोज सकाळी वाटीभर भात आणि पाणी ठेवायची आणि मगच आम्हाला वाढायची. ते बघून मला तिथं परकं वाटेनासं झालं. भात, अंडं, मासा, लोणचं, कसलं तरी गरम कढण. पहिल्या दिवशी मी मासा बाजूला सारला, दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या ताटात आला नाही. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. मी तिला लसणाची चटणी दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं पुन्हा हात पुढं केला.

लेक ऑफिस सुटलं की मेट्रो आणि आगगाडी धरून यायची. एकदा आली तेव्हा मी तिथं भात खात होतो. ती कोट न काढता समोर बसली आणि बघत राहिली. मग म्हणाली, ही बाई कोण, कुठली, काय खाते, काय पुजते, काही माहीत नाही, तिच्या हातचा भात चालतो आणि माझ्या हातचा चहा नाही. मी म्हणालो, परक्याकडे खायला काय झालं, तू पोटची आहेस.

"हो ना," ती म्हणाली. "पोटच्याला एवढी शिक्षा पाहिजेच."

तिचा आवाज लागला मला. पण ती हे पुण्यापासून म्हणत आली होती, तिच्या आईलाही म्हणायची. मी घास खाल्ला.

एका दुपारी ती सुट्टी घेऊन आली. आम्ही चौकात हिंडलो, चर्च बघितलं. थंडी अंगाला डसत होती. एका जपानी जोडप्यानं तिच्या हातात कॅमेरा देऊन आपला फोटो काढून घेतला, आणि मग आम्हाला दोघांना पुलावर उभं करून आमचाही काढला. तो फोटो जपानात कुणाकडे तरी असेल. परत आलो तेव्हा हॉटेलवालीनं आम्हाला चहा दिला. लेकीकडे बोट दाखवून, मग हात गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून तिनं मला खुणेनं विचारलं, नातवंडं? मी बोट वर करून पुढं पुढं असं दाखवलं, आणि हसलो. म्हणजे होईल, पुढं होईल. बाई हसली, लेकीला वाकून नमस्कार केला. लेकीनंही वाकून केला. ती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, जपानी रीत शिकली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जावई एकटे आले. दुपारची वेळ, पाहुणे सगळे बाहेर फिरायला गेलेले, बाई स्वयंपाकघरात. मला वाटलं कामानं या बाजूला आले असतील. चहाचा कप हातात फिरवत बसले. मग म्हणाले, अण्णा, एक विचारू का, पीठ तुमच्या गिरणीचं, चटणी तुमची, मेतकूट तुमचं, आमचा फक्त तवा, तर त्या पिठाची भाकरी तुम्ही खाल्ली तर ते तुमचंच खाल्ल्यासारखं झालं ना. मी हसलो. म्हणालो, जावईबापू, तुम्ही वकील व्हायचं होतं, दिलं ते तिचं झालं, दिलेलं परत खाणारे आम्ही नाही.

ते हसले नाहीत.

"अण्णा, मूल होणार नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, डॉक्टर काहीही म्हणतात. आमच्या शेजारची एक बाई पंधरा वर्षांनी बाळंत झाली. ते म्हणाले, डॉक्टर म्हणत नाहीत अण्णा, पिशवीच काढली. गेल्या थंडीत. त्याच्या आधी दोनदा टिकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी दिवस बरेच भरले होते, एक खोली रंगवून ठेवली होती. मग एका सकाळी रक्त थांबेना. हाउसआर्ट्सनं, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरनं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांना एकच जीव वाचवता आला. हे सगळं ते खाली बघून सांगत होते. इकडे कुणालाच कळवलं नव्हतं, त्यांच्या आईवडिलांनाही नाही. लेकीनं शपथ घातली होती.

मी विचारलं, मग आज का मोडली शपथ. तर म्हणाले, ती हल्ली माझ्याशी बोलत नाही. ऑफिसला जाते, येते, तुमच्याकडे येते, परत येऊन त्या बंद खोलीत बसते. तुमच्या नियमाला आता शेवट नाही अण्णा. एकदा जेवा तिच्या हातचं. मला दुसरं काही सुचत नाही.

ते गेल्यावर मी कालव्याकाठी जाऊन बसलो. गिरणीचा पट्टा सुटला की मोटार फिरत राहते आणि जातं थांबतं. आवाज येतो, पीठ पडत नाही. तसं झालं होतं. पाऊस भुरभुरत होता. समोर टुरिस्ट लोक पुलाचे फोटो काढत होते. मला बायकोवर राग आला, मरून गेली आणि सुटली म्हणून. जावयावर आला, का सांगितलं म्हणून. ज्या लेकीसमोर मी बोट वर करून पुढं पुढं म्हणालो होतो तिची ती वाकलेली पाठ डोळ्यांसमोरून हलेना. बाई छत्री घेऊन आली, ती माझ्या हातात देऊन आत गेली.

मी दोन दिवस विचार केला. मी हट्टी आहे, पण आंधळा नाही. नियम होता तो मुलाच्या वाटेवरचा होता. वाट बंद झाली, तर नियम कशाला धरून उभा राहणार? आता पाळला तर ती लेकीला मारलेली चपराक होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवलं, की हे सोडायचं. सोपं गेलं नाही. बायको लॉजवर कुकरात भात लावताना दिसत राहिली.

रविवारी जावई न्यायला आले. गेलो तेव्हा लेक भाकऱ्या थापत होती, माझ्याच पिठाच्या. पिठलं झालेलं होतं. त्या दोघांची पानं मांडलेली. मी हात धुतले आणि टेबलाशी जाऊन बसलो.

"मलाही वाढ," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, जावयाच्या पानात टाकली, गॅस बंद केला. मग नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही सांगितलं."

मी म्हणालो, त्यांच्यावर चिडू नकोस, भूक लागली आहे, वाढ.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, इतक्या वर्षांचा राग काढते आहे. काढू दे. मी पुढं होऊन जावयाचं ते पान माझ्याकडे ओढलं आणि भाकरीला हात घातला. बापाचा हट्ट आहे म्हणालो, मी आज जेवून उठणार. तिनं भाकरीवर तळवा ठेवला. नुकती तव्यावरून उतरलेली भाकरी, तिनं हात काढला नाही.

"अण्णा, तुम्ही जेवू नका."

"का?"

"आई बाळाची वाट बघत गेली. ह्यांनी सोडून दिलं. मी सोडून दिलं. या घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. तुम्ही दारात येता आणि पाणीसुद्धा नको म्हणता, तेव्हा वाटतं, कुणीतरी एक माणूस अजून वाट बघतोय. तुम्ही जेवलात की संपलं. मग कुणीच नाही."

मी म्हणालो, मग रोज घ्या घ्या कशाला म्हणायचीस.

"तुम्ही नाही म्हणणार, हे माहीत होतं म्हणून."

जावई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी हात मागं घेतला. बापानं मुलीला काय सांगायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तिथं त्याचा उपयोग नव्हता. मी एवढंच म्हणालो की तुला सगळं माहीत आहे, मला माहीत आहे, मग ही वाट कुणाची बघायची. ती म्हणाली, बघा. माझ्यासाठी बघा.

त्या दिवशी त्या घरात कुणीच जेवलं नाही. तिनं कोट घातला आणि मला परत पोचवायला निघाली. मेट्रोत, मग आगगाडीत समोरासमोर बसलो. तिच्या तळव्याला लाल डाग पडला होता, तो ती बाहेरच्या बाजूला धरून बसली होती. हॉटेलात जपानी बाईनं आमची तोंडं बघितली आणि दोन वाडगे आणून ठेवले. गरम पाण्यात शेवयांसारखं काहीतरी आणि वर कांद्याची पात. लेक समोर बसून खाली मान घालून सगळं जेवली. मीही जेवलो. त्या परमुलखात आम्ही बापलेक एका टेबलावर जेवलो ते असं, त्या बाईच्या घरी. लेक वाडगा उचलून शेवटचं पाणीसुद्धा प्यायली. मग म्हणाली, उद्या येते, आणि आगगाडी गाठायला निघून गेली.

उरलेले दिवस ती येत राहिली. तिच्या घरी गेलो की तिसरा कप यायचा. "घ्या अण्णा," ती म्हणायची, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी नाही म्हणायचो. पूर्वी ते म्हणताना मला अभिमान वाटायचा. आता तो उरला नव्हता, पण आवाज पूर्वीसारखाच काढावा लागायचा. जरा हलला असता तर तिला कळलं असतं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी पुन्हा तिकडे गेलो नाही, गुडघे ऐकत नाहीत. ती एक-दोन वर्षांनी इकडे येते, माझ्याकडे राहते, मी रांधतो आणि ती जेवते. माझे भाऊबंद, त्यांची मुलं, सगळे आपल्या लेकींकडे मजेत जेवतात, मूल असो नसो. मला म्हणतात, अण्णा, ते दिवस गेले, किती ताणायचं, एवढी लांब एकटी मुलगी, तिला काय वाटत असेल. मी त्यांना काही सांगत नाही. म्हातारा दगड आहे म्हणतात, म्हणू देत.

रविवारी तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ती विचारते, अण्णा, कधी येताय जेवायला. तिचं वय झालं, केस पिकले, हे मला फोटोत दिसतं. मी म्हणतो, आत्ता कुठं, अजून वेळ आहे. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते. खोटं बोलायची सवय मला आयुष्यभर नव्हती. ती या वयात लागली, आणि एका आठवड्यालाही सुट्टी नाही.